एक जूनच्या बाई

पोलादपूरहून महाडला येताना त्या बाई एसटीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर शिक्षक पात्रता परीक्षेचं गाईड. थोडं पुटपुटायच्या, मग पुस्तकात बोट ठेवून डोळे मिटायच्या. नोकरीतल्या शिक्षकांनाही आता ही परीक्षा सक्तीची झाली आहे. पास झालं नाही, तर घरी बसायचं. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षंही उरली नसतील, त्यांनाच तेवढी सूट.

तिकीट फाडताना कंडक्टर म्हणाला, "काय बाई, आमाला छड्या मारल्यात, आता तुमची पाळी!"

"गप रे. तुझे पाढे अजून बाकी हायत," बाई हसल्या.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "खऱ्या वयानं मी सुटले असते हो. पण आमच्या वेळी जन्मतारीख कुणाला ठाऊक? गुरुजींनी सगळ्यांची लिहिली तशी माझीही एक जून लिहिली, वर वयातली दोन वर्षं कमी केली. म्हणाले, पुढंमागं पोरीला नोकरी लागली तर लांबंल. लांबली बघा!"

मीही शिक्षक. माझीही तारीख एक जूनच. पण माझ्या गुरुजींनी माझं वय खऱ्यापेक्षा जास्त लिहिलं, म्हणून मी सुटलो. हे त्यांना सांगताना माझी मान वर होईना.

"मग तुम्ही मोकळेच की! विचारा प्रश्न," म्हणत त्यांनी गाईड माझ्या हातात दिलं.

महाड येईपर्यंत मी विचारत राहिलो. उत्तर देण्याआधी त्या वर्गातल्या मुलीसारखं बोट वर करायच्या. चुकलं की थकल्या आवाजात म्हणायच्या, "परत विचारा, सर."

मला सर म्हणू नका, एवढंही मला म्हणता आलं नाही.