बोल्टवरची चीर

रायफलच्या कारखान्यात पोलाद तपासायचं माझं काम. त्या सकाळी टेबलावर गोळीला मागून अडवून धरणारे दोन बोल्ट होते. चाचणीत भरपूर गोळ्या झाडल्यावर साध्या पोलादाच्या, फॉस्फेटचा काळा थर दिलेल्या बोल्टला केसाएवढी चीर पडली होती. भारी पोलादाचा, क्रोम चढवलेला बोल्ट शाबूत होता.

शेजारी काम करणाऱ्या सुमनताईंचा मुलगा सीमेवर आहे. त्यांनी विचारलं, "त्याच्याकडे कुठला असेल गं?"

"काळाच. सध्या सगळ्यांकडे तोच आहे."

सुमनताई चिरेवरून नख फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुटला तर माझा मुलगा जाईल. नाही तुटला तर त्याच्या गोळीनं दुसऱ्या कुणाचा तरी."

क्रोमचाच चांगला, असं मी साहेबांना सांगितलं. ते खरंही होतं. पण त्या दुपारी आम्हा दोघींचे डबे तसेच राहिले.