विश्वनाथअप्पांची पाकिटं

विश्वनाथअप्पांकडे बियाणं मागितलं की ते आधी बरणीला हात लावत नसत. गल्ल्याशेजारी ओल्या फडक्यांच्या काही सुरळ्या ठेवलेल्या असत. त्यातली एक उलगडून ते गिऱ्हाइकापुढे धरत. आत त्याच बरणीतलं बी पांढरे कोंब काढून बसलेलं असे. "हे बगा आन् मग न्या. मी उगवलेलं इकतो, पाकिटावरचं चित्र इकत न्हाई," असं म्हणून फडकं पुन्हा गुंडाळून ठेवत. जिंतूरच्या बाजारात चकचकीत पुड्या विकणारी दुकानं कमी नव्हती. पण परसात दोन वाफे दोडका, गवार लावणाऱ्या बायका अप्पांकडेच यायच्या आणि कोंब बघितल्याशिवाय पैसे द्यायच्या नाहीत. ती सवय त्यांना अप्पांनीच लावली होती.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे. अप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं इतकं हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. रागावले तरी "शिवा, शिवा" याच्या पलीकडे त्यांची मजल जात नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलत्या एका मुलाला बियाण्यात रस नव्हता आणि अप्पांनी त्याला कधी ओढलंही नाही. "जबरदस्तीनं पेरलेलं येत न्हाई," एवढंच ते म्हणत.

आमच्या बाजारपेठेला बहादूर नावाचा नेपाळी राखणदार होता. वीस-पंचवीस वर्षं त्याने या दुकानांची कुलपं सांभाळली. सकाळी ड्यूटी संपली की तो अप्पांच्या ओट्यावर बसून चहा घेई. त्याचं मराठी आमच्यासारखंच होतं, "हाय" आणि "न्हाई"सकट. लॉकडाऊन उठल्यावर त्याने गावी परतायचं ठरवलं. नेपाळच्या सीमेला लागून कैलाली म्हणून जिल्हा आहे, तिथला तो. जाताना अप्पांनी त्याच्या पिशवीत भेंडी, गवार, दुधी आणि मिरचीच्या पुड्या घातल्या. पैसे घेतले नाहीत. "तिकडं लाव. आलं तर मह्या नावानं खा," म्हणाले.

पीक आलं. एवढं आलं की शेजारणी बघायला आल्या. बहादूरने फोन केला, "अप्पा, बायका बियाणं मागायल्यात. फुकट नको म्हणतात. पाठवता का?" पैसे सेलूला राखणदारी करणारा त्याचा मेहुणा आणून देणार होता. अप्पांना इतका आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी भिंतीवर टकटक केली. "मंगल, जरा त्या कंपुटरमधे बग बरं, परदेशात बी धाडायला काय लागतंय."

मी बघितलं. कुरिअरवाल्याने सांगितलेलं भाडं बियाण्याच्या कितीतरी पट होतं. टपालाने रीतसर पार्सल करायचं तर बियाणं रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला हवा. त्यासाठी नमुना घेऊन मोठ्या शहरातल्या कचेरीत जायचं, फी भरायची. शिवाय तिकडच्या सरकारचा परवाना. मी सगळं वाचून दाखवलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे टनानं माल धाडणाऱ्यांसाठी हाय, माय. चिमूटभर मिरचीला कोण दाखला इचारतंय?"

मग त्यांनी आपला रस्ता शोधला. दुधी, भोपळा असलं जाड बी गावी निघालेल्या नेपाळी राखणदारांच्या हाती द्यायचं. कांदा, मिरची असलं बारीक बी साध्या पत्राच्या पाकिटातून पाठवायचं. त्यातही त्यांनी शोध लावला. पहिल्या पाकिटातलं बी एका कोपऱ्यात गोळा झालं आणि टपालाच्या शिक्क्याखाली भरडलं गेलं. पुढच्या वेळी त्यांनी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घेतला, त्यावर कागदाच्या चपट्या घड्या चिकटवल्या आणि बी त्यात पसरून भरलं. सोनाराकडून आणलेल्या छोट्या काट्यावर वजन करून तिकिटं लावली. त्यातला एकही दाणा फुटला नाही.

"यावर काय लिहायचं?" मी पत्ता छापताना विचारलं.

"काही लिहू नको."

"आतमधे काय आहे ते लिहावं लागतं, अप्पा. काहीजण 'फोटो' लिहितात."

"खोटं लिहिणार न्हाई," ते म्हणाले, "पण इचारल्याबिगर सांगणार बी न्हाई." आणि पाकीट माझ्या हातून घेऊन ते टपालात टाकायला गेले.

दोन-तीन वर्षं हे चाललं. काही पाकिटं मधेच गडप झाली, बरीचशी पोचली. बियाणं घेणारी आठ-दहा घरं झाली. त्यात धनमाया नावाची एक विधवा होती. एक म्हैस आणि घरामागचा तुकडा एवढ्यावर तिचं चालायचं. दूध विकायची, कांदा लावायची. ती फोनवर बहादूरमार्फत अप्पांशी बोलायची. तिची भाषा अप्पांना कळत नसे, तरी ते पूर्ण ऐकून घेत. म्हशीला बारमाही हिरवा चारा हवा म्हणून तिने काहीतरी मागितलं. अप्पांनी तिला लसूणघास सुचवला. "एकदा पेर आन् कापत राहा," त्यांनी बहादूरला समजावून सांगितलं. तिचं बघून बाकीच्या घरांनीही मागितला.

लसूणघासाचं बी अप्पा नेहमी चारठाण्याजवळच्या गयाबाईकडून घेत. ती स्वतः निवडून द्यायची. त्या साली ती आजारी पडून लेकीकडे गेली आणि तिच्या रानात बी धरलंच गेलं नाही. अप्पांनी मानवतच्या मोंढ्यातून एका व्यापाऱ्याकडून घेतलं. दिसायला ते स्वच्छ होतं. सवयीप्रमाणे चाळलं, ओल्या फडक्यात घातलं. जवळजवळ सगळं उगवून आलं. मलाही त्यांनी फडकं उघडून दाखवलं, कोंब दाट, एकसारखे. पाकिटं गेली आणि या वेळी एकही हरवलं नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा बहादूरचा व्हिडिओ आला. अप्पांच्या साध्या फोनवर तो उघडेना म्हणून ते माझ्याकडे आले. मी संगणकावर मोठा करून लावला. हिरव्या घासावर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरलं होतं, जणू कुणी सुताची गुंडी उलगडून टाकली होती. बहादूरचा हात मधेच येऊन एक दोरा ओढत होता आणि घासाची काडी त्याच्याबरोबर उपटून येत होती. शेजारचा कांदाही झाकला गेला होता.

अप्पा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. "अमरवेल," ते म्हणाले. माझ्याकडे अर्ज भरायला आलेल्या एका बाईने, काय झालं म्हणून विचारलं. अप्पा तिला म्हणाले, "मी केलं हे."

अमरवेल आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिला मूळ राहत नाही, पान नाही, दुसऱ्याच्या अंगावर जगते. तुटलेला तुकडा पडला तरी पुन्हा चढते. तिचं बी लसूणघासाच्या बियाएवढंच असतं आणि मातीत वर्षानुवर्षं दबून राहतं. ओल्या फडक्यात घास लगेच उगवला. त्यात मिसळलेलं अमरवेलीचं बी तसंच निपचित पडून राहिलं. अप्पांनी उगवलेलं पाहिलं आणि न उगवलेले चार दाणे पोकळ समजून सोडून दिले.

त्यांनी बहादूरला फोनवर सांगितलं, फुलायच्या आत घासासकट उपटा, जागेवरच जाळा, म्हशीला घालू नका. बहादूर म्हणाला, "अप्पा, काही ठिकाणी फुलं येऊन गेलीत. आन् बायका मह्याशी बोलना झाल्यात." मग तो म्हणाला, "धनमायानं म्हैस इकून टाकली. चाराच न्हाई."

त्याच आठवड्यात अप्पांनी मला रेल्वेचं तिकीट काढायला सांगितलं. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले. मुलगा चिडला. "तुम्ही जाऊन काय करणार? पैसे पाठवून द्या."

"पैशानं वेल उपटत न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांनी एका पिशवीत दोन धोतरं, भस्माची डबी आणि औषधं घेतली आणि परभणीहून गाडी धरली.

महिना उलटून गेल्यावर ते परतले. काळे पडले होते, हातांची बोटं चिरली होती, नखांत राख बसली होती. मी चहा मागवला. बराच वेळ त्यांनी कप तसाच धरून ठेवला.

"लोक काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही म्हणले न्हाईत. तेच जड गेलं." मग त्यांनी सांगितलं, "धनमायाच्या दारात गेलो. बहादूरनं सांगितलं तिला, हेच ते. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती आत गेली, इळा आणला, मह्या हातात दिला आन् कुठून कापायचं ते बोटानं दाखवलं. मग रोज दाखवायची. जेवायला बी घालायची. पण बोलली न्हाई."

"सगळी निघाली का?"

"दिसली तेवढी निघाली."

त्यानंतर अप्पांनी एक गोष्ट केली. गयाबाई बरी होऊन परतली होती. तिच्याकडचं नवीन बी घेऊन ते संभाजीनगरच्या कचेरीत गेले. मी दाखल्याचा अर्ज भरून दिला होता. तिथल्या तरुण अधिकारी बाईंनी नमुना भिंगाखाली तपासला आणि अप्पांनाही बघू दिलं. शेजारी काचेवर लसूणघास आणि अमरवेल यांचं बी ठेवून फरक दाखवला. एक गुळगुळीत, दुसरं मळकट, खरबरीत. परत आल्यावर अप्पा माझ्या दुकानात बसले.

"जल्मभर बी हाताळलं, मंगल. चाळलं की जातंय असं धरून चाललो. भिंगाखाली तर आंधळ्याला बी दिसलं असतं." आणि मग म्हणाले, "मी म्हणत होतो, दाखला टनवाल्यांसाठी हाय. चिमटीनंच बुडिवलं."

बहादूरने तिकडे खेटे घालून परवाना मिळवला. या वेळी पार्सलवर आतमध्ये काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिहिलं, दाखला जोडला, पूर्ण भाडं भरलं. बियाण्याची किंमत त्यापुढे काहीच नव्हती. प्रत्येक घराची वेगळी पुडी, धनमायाची जरा मोठी. पार्सल पोचल्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. बहादूर आधी इकडचं तिकडचं बोलत राहिला. अप्पांनी विचारलं, "वाटलं का?"

"न्हाई अप्पा. कुणी घ्यायला तयार न्हाई. दाखला दाखवला. म्हणतात, आमी बाजारातून घेऊ."

अप्पांनी मान डोलावली, जणू समोर बहादूर बसला होता. "बरोबर हाय त्यांचं. मी बी घेतलं नसतं."

"मग मी लावू का मह्याकडं?"

"नको. तुला तिथं ऱ्हायचंय. सगळ्यांच्या देखत चुलीत घाल."

पुढची दोन वर्षं दुकान उघडं राहिलं एवढंच. फडक्याच्या सुरळ्या त्यांनी बंद केल्या. एखादी बाई विचारायची, "उगवंल ना, अप्पा?" तर म्हणायचे, "उगवंल. काय उगवंल ते सांगता येत न्हाई." हे ऐकून कोण बियाणं घेणार? बायका हळूहळू पुड्यांच्या दुकानांकडे वळल्या. मी एकदा म्हटलं, अप्पा, असं नका सांगू, गिऱ्हाईक तुटतं. ते म्हणाले, "तुटू दे. खरं बोलायला मला लय उशीर झाला." मुलाने अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं लावली, मग पूर्ण दुकानात. बरण्या माळ्यावर गेल्या. अप्पा ओट्यावर बसून राहत. बहादूरचा फोन आला की तेवढे सावरून बसत. तब्येत, नातवंडं, पाऊसपाणी. पिकाचं दोघंही काढत नसत. मला वाटायचं, अप्पांना विचारायची हिंमत होत नाही.

गेल्या थंडीत ते गेले. सकाळी मुलगा उठवायला गेला तर अंग गार होतं. त्यांच्या रीतीप्रमाणे बसवून समाधी दिली. बेल आणि भस्म घालून माती लोटली. मुलगा बिचारा कोलमडला होता. "बहादूरकाकांना तुम्हीच सांगा, ताई," म्हणाला.

मी घरी येऊन, आंघोळ करून फोन लावला. बहादूरने ऐकून घेतलं. मागे कुठेतरी शेळी ओरडत होती. मग त्याने विचारलं, "तकलीफ झाली का?"

"नाही. झोपेत गेले."

"बरं झालं," तो म्हणाला. "ते कधी इचारतील म्हणून मला फोनवर भ्या वाटायचं, ताई. मी सांगितलं न्हाई त्यांना. दर साली वेल उपटतो, दर साली येते. यंदा बांध ओलांडून पलीकडच्या वस्तीत गेली."