शेवटच्या दहा मिनिटांतली गाय

वडील सहा आठवड्यांसाठी कॉव्हेंट्रीला आले होते. माझ्या सात वर्षांच्या मुलीचं मराठी तोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून तोडकं. दोघांत एकच गोष्ट चालायची: वडिलांनी तरुणपणी सोलापूरच्या टॉकीजमध्ये पाहिलेल्या एका वेस्टर्नची. मोठ्या कुरणाचा मालक, त्याच्या ओढ्यात सोनं शोधणारा एक म्हातारा आणि पाण्यावरून दोघांचं वैर. शेवटी म्हातारा तापाने फणफणतो आणि मालक त्याच्या दाराशी दुभती गाय आणून बांधतो.

रोज संध्याकाळी सहाला वडील डायनिंग टेबलाची एक खुर्ची खिडकीपाशी नेत. मुलगी समोर कार्पेटवर बसे. गाय आली की टाळ्या वाजवायची. दिवसभरात ती त्यांच्याजवळ बसायची ती एवढ्याचपुरती.

लहानपणी टाळ्या मीही वाजवल्या होत्या. पुढे मी तो सिनेमा पाहिला. त्यात गाय नाही.

दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी तो टीव्हीवर लागणार होता.

"नको लावूस," बायको म्हणाली.

"तिला खरं कळू दे."

"तुझं खरं ऑफिसात ठेव."

मी लावला. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा वडील उठले.

"मी चहा टाकतो."

"बसा हो बाबा. खरी मजा तर आत्ता आहे."

ते बसले.

"आजोबा, गाय कधी येतो?" मुलीने विचारलं.

"येईल," उत्तर मी दिलं.

मालकाने म्हाताऱ्याला ओढ्यातच पाठीत गोळी घातली. सोन्याची पिशवी फाटून वाहून गेली. गुरं पाण्यावर आली. नावं वर सरकू लागली तरी मुलगी बघत राहिली. मग वळली.

"यू मेड इट अप, आजोबा."

वडील माझ्याकडे बघून बोलले. "गावाची शेवटची एसटी साडेपाचला सुटायची. दोनदा गेलो, दोन्ही वेळा शेवटाआधीच उठावं लागलं."

"मग तसं सांगायचं होतं."

"तू टाळ्या वाजवायचास."

रविवारी सहाला त्यांनी खुर्ची खिडकीपाशी नेली. मुलगी टॅब्लेट घेऊन जिन्यात बसली होती. सोमवारीही तेच. मंगळवारी त्यांनी खुर्ची हलवली नाही. परतीच्या विमानाला अजून जवळजवळ चार आठवडे होते.