गिटारची मान

डावा हात गेला तो उन्हाळ्यात. गेला म्हणजे आहे खांद्यालाच, पण दोरीवरच्या ओल्या टॉवेलसारखा लोंबतो. अर्धांगाचा झटका आला आणि नेमकं ज्याच्यावर आयुष्यभर जगलो तेच घेऊन गेला. इतर माणसांना डाव्या हाताचं काम तरी काय असतं? गिटारवाल्याचा मात्र सगळा संसार त्याच बोटांवर. उजवा नुसता तारा छेडतो, सूर डावा ठरवतो.

मी ऑर्केस्ट्रात वाजवायचो. गडहिंग्लजकडच्या यात्रा, गल्लीतले गणपती, साखर कारखान्यांचे कार्यक्रम, अलीकडे पन्हाळ्यावरच्या हॉटेलांतली लग्नं. टेम्पोत स्पीकरवर बसून जायचं, गाण्याच्या सुरुवातीचा तुकडा आपण वाजवायचा आणि टाळ्या गायकानं घ्यायच्या. पुढं कीबोर्डवाली पोरं आली. बटण दाबलं की त्यातून गिटार वाजते. तरी आमच्या गायकानं मला काढलं नाही. ऑर्केस्ट्रा त्याचाच, तरुणपणापासूनची आमची सोबत. भांडलो भरपूर, पण मला खाली ठेवून तो कधी स्टेजवर चढला नाही.

मध्यंतरी आमचा बेस गिटारवाला आखातात नोकरीला गेला, तेव्हा त्याच्या गिटारच्या तारा मी आणि गायकानं बसून सैल केल्या होत्या. गिटार फार दिवस वाजणार नसली की तसं करतात, नाहीतर तारांच्या ताणानं तिची मान वाकते. तो काही परत आला नाही. माझ्या तारा मी कधीच उतरवल्या नाहीत, झटक्यानंतरही नाही. रोज सकाळी बायको गिटार माझ्या मांडीवर ठेवते, डावी बोटं एकेक करून तारांवर बसवते आणि मी उजव्यानं छेडतो. बोटं घसरतात.

"कालच्यापरीस बरं हाय की," ती म्हणते. काल काही वेगळं नव्हतं.

खंडेनवमीला तिनं गिटार पूजेत मांडली, शेजारी तिचं शिलाई मशीन. माझं डोकं फिरलं.

"ज्याच्यावर पोट चालतंय त्याची पूजा असती. ती गिटार उचल."

"अवं, गप बसा. सणासुदीचं असलं बोलत न्हाईत," म्हणत तिनं दोन्हींना सारखाच झेंडूचा हार घातला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला गायक आला. आपट्याची पानं माझ्या उजव्या मुठीत कोंबली आणि घर डोक्यावर घेतलं. "काय मर्दा, झोपूनच ऱ्हातोस व्हय? दिवाळीनंतर तुला स्टेजवर नेतो. खुर्ची टाकतो, बसून वाजीव. तुझी जागा हाय तशी हाय."

बायको डोळे पुसत "च्या टाकतो" म्हणून आत गेली. मलाही भरून आलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी डाव्या बोटांत मुंग्या आल्यासारखं वाटलं.

बोलता बोलता त्यानं हार बाजूला काढून गिटार मांडीवर घेतली. यंदाच्या यात्रा सांगत होता, नव्या मिक्सरला शिव्या घालत होता, आणि त्याची बोटं गिटारच्या तारा ताणायच्या चाव्यांवर फिरत होती. एक तार झाली, दुसरी झाली, एकेक करून सगळ्या सैल. तोंड दिवाळीनंतरचं बोलत होतं. हातांना माहीत होतं. आपण काय करतोय हे त्याला स्वतःला कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. मी थांबवलं नाही. राग आला नाही, भीती वाटली. मग त्यानं गिटार जपून भिंतीला टेकवली, चहा प्याला, "वैनी, काळजी करू नगासा," म्हणाला आणि गेला.

सकाळी बायकोनं नेहमीसारखी गिटार मांडीवर ठेवली, बोटं बसवली. मी छेडलं. दोरखंड आपटावा तसा नुसता आवाज आला.

"असं काय वाजतंय?" ती घाबरली.

"हवा बदलली की उतरतात तारा."

"मग चढवा की."

चावी पिळायला एकच हात लागतो, आणि माझा उजवा धड आहे.

"दिवाळीनंतर," मी म्हणालो.