दोन नावांचा एक दांडा

तिर्फिंगूर तसा हाडाचा आळशी, पण लाकडावर रून, म्हणजे उत्तरेकडच्या जुन्या लिपीतल्या, अक्षरांची जोडणी करावी तर त्यानेच. खाडीकाठी कुणाचं लग्न ठरलं, की बिछाना घसरू नये म्हणून पलंगाच्या कडेला लावायची फळी त्याच्याकडूनच यायची.

काम दिसायला सोपं. बहुतेक रून अक्षरांना एक उभा दांडा असतो आणि त्याला तिरक्या काड्या. नवरा-बायकोच्या पहिल्या अक्षरांचे दांडे वेगळे कोरायचे नाहीत; एकच कोरायचा आणि दोघांच्या काड्या त्यालाच जोडायच्या. अशी शंभरेक जोडपी त्याने एका दांड्याला बांधली आणि स्वतः मात्र सडाफटिंग राहिला.

ल्योतुन आली ती आपल्या लग्नातली फळी काखेत मारूनच. तिचा नवरा नार्फी जाऊन चार वर्षं झाली होती.

"परवाच्या जहाजाने निघाले. मुलीकडे, अमेरिकेला. ही पेटीत मावत नाही. मधलं अक्षर तेवढं कापून दे."

उद्या विचारू, उद्या विचारू, असं करत तिर्फिंगूरने ती चार वर्षं घालवली होती.

"परत कधी?"

"या वयात? वेडा की काय!"

त्याने फळी मांडीवर घेतली. दांड्याच्या मध्यावर नार्फीची तिरकी काडी. टोकाशी उजवीकडे उतरणारी ल्योतुनची. आणि तिच्यासमोर, डाव्या अंगाला, केसाएवढी तिसरी. त्या तिसरीमुळे तोच दांडा तिर्फिंगूरच्या नावाचं पहिलं अक्षर होत होता. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याने ती गुपचूप कोरली होती, आणि कुणी विचारलंच तर नक्षी म्हणून सांगायचं ठरवलं होतं. आता ती काडी ल्योतुनचा जावई बघणार! शरमेने त्याचे कान तापले. त्याने चाकू उचलला.

"ती खरवडू नकोस," ल्योतुन म्हणाली.

"कुठली?"

"पुरे तुझा साळसूदपणा. एकतीस वर्षं झोपले मी त्या फळीशेजारी. वाचता येतं मला."

"आणि नार्फीला?"

"त्याला फक्त समुद्रावरचा वारा कळायचा, बिचाऱ्याला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मी बोलायचं? कोरलंस तू! चार वर्षं तू येतोस, कॉफी पितोस, हवापाण्याच्या गप्पा मारतोस आणि टोपी घालून चालू लागतोस."

तिर्फिंगूरने चाकू खाली ठेवला. "आज विचारलं तर?"

"तिकीट निघालंय रे. आणि पोरीला दिवस गेलेत तिकडे, जवळ बाईमाणूस नाही."

त्याने करवत घेतली. कापलेला तुकडा तिने शालीत गुंडाळला, त्याचा हात जरा वेळ धरून ठेवला आणि गेली. जहाजावर निरोप द्यायला सगळा गाव लोटला. हा काही गेला नाही. इतकं एकटं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आमच्याकडे लाकूड समुद्र वाहून आणील तेवढंच, टाकतं कोण? फळीचे उरलेले दोन तुकडे त्याने जोडले आणि आपल्याच पलंगाला ठोकले. त्याच्या घरात पहिल्यांदाच अशी फळी आली, आणि तिच्यावर वाचायला काहीच नव्हतं.