भाऱ्याखालची पावलं

धाराशिवला औषधांच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये मी कामाला लागले, तेव्हा घरी ते काम समजावून सांगणं अवघड गेलं. आपोआप चालणाऱ्या गाड्यांना रस्ता ओळखायला शिकवायचं. म्हणजे गाडीच्या कॅमेऱ्यानं काढलेले फोटो संगणकावर बघायचे आणि त्यातल्या एकेका गोष्टीभोवती चौकट आखून नाव द्यायचं. माणूस, सायकल, जनावर, सामान.

सुरुवातीला सगळे फोटो परदेशातले असायचे. बर्फानं पांढरे पडलेले रस्ते, ओल्या डांबरावर सांडलेले सिग्नलचे रंग, लांब कोटातली माणसं. दिवसभर मी त्या अनोळखी गावांतून हिंडायचे. संध्याकाळी तेर गावी घरी जाणाऱ्या एसटीत खिडकीशी बसले तरी ती गावं डोळ्यांतून उतरायची नाहीत. ज्वारीच्या रानातून जाणाऱ्या बाईभोवती, बांधावरच्या बैलाभोवती मला बारीक पिवळी रेघ दिसायची. डोळे मिटले की ती रेघ तेवढी उरायची, आतलं माणूस विरून जायचं.

मग आपल्याकडचे फोटो यायला लागले. रस्ता कुठला ते कधी कळायचं नाही, पण कडेचे ढाबे आणि ट्रक बघून मला सारखं उमरग्याजवळ आल्यासारखं वाटायचं. अशाच एका फोटोत सकाळच्या धुक्यात कडब्याचा मोठा भारा रस्ता ओलांडत होता. खाली नुसती दोन पावलं. संगणकानं आपल्या अंदाजानं आधीच चौकट आखून 'सामान' असं लिहून ठेवलं होतं. मी ते खोडून 'माणूस' केलं. दुपारी फोटो चुकीचा म्हणून परत आला.

काम तपासणारा पोरगा माझ्याहून लहान, स्वभावानं गरीब. तो म्हणाला, "ताई, चेहरा न्हाय, हात न्हाईत. नियमात बसत न्हाय."

"पाय हायेत की."

"मला बी दिसत्यात. पण नियम वरून आलेत."

"मग वर विचारा."

त्यानं माझ्यासमोरच कंपनीला फोटो जोडून मेल लिहिला.

घरी आले तेव्हा सासूबाई नुकत्याच रानातून आल्या होत्या. पदराला कडब्याच्या काड्या अडकलेल्या. आमचं रान रस्त्याच्या पलीकडं, त्यामुळं त्या रोजच भारा घेऊन रस्ता ओलांडतात. त्यांना मी फोटोचं सांगितलं.

"म्हंजी ती गाडी मला सामान समजंल?" त्यांनी विचारलं.

"सध्या तरी तसंच, आत्या."

"सामान आडवं आलं तर थांबती का न्हाय?"

"थांबती. पण माणूस दिसलं तर लांबूनच हळू होती. माणूस कधी पाय उचलंल सांगता येत न्हाय, हे तिला शिकवलेलं असतंय."

त्यांनी पदरावरच्या काड्या वेचून काढल्या. मग म्हणाल्या, "भाऱ्याखालून मला बाजूचं काय बी दिसत न्हाय. गाडीलाच दिसाया पायजे."

कंपनीचं उत्तर यायला बरेच दिवस गेले. ओझ्यासकट माणूस हा माणूसच धरावा, आणि आधीचे फोटो पुन्हा तपासावेत, असं त्यात होतं. हॉलमध्ये थोडी कुरकुर झाली, केलेलं काम पुन्हा करायचं म्हणून. पण फोटो उघडत गेलो तसे सगळे त्यातच गुंतले. गवताखाली माणूस निघालं. गादीच्या गुंडाळीखाली निघालं. घागरींच्या उतरंडीमागं, सायकलवरच्या कपाटामागं, मोळीखाली. इतके दिवस आम्ही त्या रस्त्यांवरून गेलो होतो आणि ही सगळी माणसं तिथंच चालत होती. पंखा फिरत होता, खाली कुणीतरी शटर ओढत होतं, आणि एकेक पाऊल सापडत होतं. मला वाटत होतं, सगळं गाव झोपेतून उठून हळूहळू रस्त्यावर येतंय.

चहाच्या वेळी तपासणाऱ्या पोरानं विचारलं, "ताई, तुमी बसाल का असल्या गाडीत?"

मी खरं तेच सांगितलं. "आत बसायचं एकवेळ जमंल. तिच्यासमोरून आत्यांना जाऊ द्यायला अजून मन होत न्हाय."

"माझं बी तसंच हाय," तो म्हणाला. त्याची आई डोक्यावर पाटी घेऊन परंड्याच्या बाजारात भाजी विकायला जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

कप ठेवून आम्ही जागेवर गेलो. पुढच्या फोटोत शेरडांचा कळप होता आणि त्यांच्या मधोमध घोंगडीत गुरफटून कुणीतरी बसलं होतं. मी त्याच्याभोवती चौकट आखली आणि 'माणूस' लिहिलं.