खांब नंतर आला

विमा कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक टेबल होतं. मोटार-अपघातांचे अर्ज आधी त्या टेबलावर यायचे. तिथल्या कारकुनाला सगळे 'खुलासे' म्हणत. सत्तावीस वर्षांत त्याचं खरं आडनाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. अर्जात एक चौकोन होता. अपघात कसा घडला ते चालकाने त्यात स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहायचं. त्याखाली आणखी एक मोकळा चौकोन, जागेची आकृती काढायला. बाकीचा अर्ज कुणीही भरला तरी चाले, पण या दोन चौकोनांत दुसऱ्याचं पेन चालत नसे.

घाबरलेल्या माणसाला आपली चूक नाही हे चार ओळींत पटवून द्यायचं असलं, की तो काय लिहील याचा नेम नाही. 'मी तीनदा हॉर्न दिला, तरी भिंत हलली नाही.' 'गाय शांत होती, बिचकलो मी.' 'ब्रेक अगदी वेळेवर लागला, पण समोरच्या गाडीचा.' एका गृहस्थांनी तर लिहिलं होतं, 'घर तिथं वीस वर्षं आहे हे मला मान्य आहे, पण मी त्या बाजूला पहिल्यांदाच गेलो होतो.'

खुलासे असली वाक्यं एका वहीत उतरवून घेई आणि जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवी. एरवी चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडायची. बायकोकडे मीठ मागायचं तरी आधी दोनदा खाकरायचा. दुसऱ्यांची वाक्यं वाचताना मात्र तो अडखळत नसे. लोक डबे बाजूला सारून हसत. दिवसातली तेवढी दहा मिनिटं त्याचं कुणीतरी ऐकून घेई.

एका गुरुवारी ताईचा फोन आला.

"अरे, यांनी गाडी ठोकली. घाबरू नकोस, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, गाडी रिकामी होती. पण तो तुमचा अर्ज! सकाळपासून माझं डोकं उठवलंय. तू येऊन जा बाबा."

भाऊजी शाळेची व्हॅन चालवत. चौदा मुलांना सकाळी पोचवायचं, दुपारी घरी सोडायचं, असं तेवीस वर्षं चाललं होतं. गाडी त्यांची स्वतःची होती. शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा खांब होता, त्याला त्यांनी डावी बाजू पुढून मागपर्यंत घासली होती.

खुलासे पोचला तेव्हा भाऊजी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. पायाशी चुरगाळलेल्या कागदांचा ढीग पडला होता.

"या मेहुणे! तुमच्या कचेरीनं या वयात मला परीक्षेला बसवलंय."

पहिल्या कागदावर होतं, 'मी सरळ जात होतो. खांब गाडीला लागला.'

"भाऊजी, असं नाही लिहायचं. खांब आपल्याला लागत नाही, आपण खांबाला लागतो."

"खर्च कुणाचा झाला? माझा की खांबाचा?"

"खांबाची बाजू खांब मांडेल," शेगडीपाशी उभी असलेली ताई म्हणाली. "तुम्ही तुमची मांडा, आणि टेबल मोकळं करा."

भाऊजींनी जीभ बाहेर काढून नवा कागद घेतला आणि एकेक अक्षर कोरत लिहिलं, 'खांब आधी नव्हता. तो नंतर आला.'

खुलाशानं ओठ चावला. "कुठून आला?"

"ते मला विचारता? तेवीस वर्षं खांब तिथं आहे, मला पाठ आहे तो. त्या दिवशी वळलो तेव्हा नव्हता. धाडकन आवाज झाला, उतरून बघतो तर होता. आता खरं लिहायचं की तुम्हाला आवडेल ते?"

"खरं लिहा," खुलासे म्हणाला. हे वाक्य उद्या डब्यांवर किती रंगेल याचा हिशेब त्याच्या मनात सुरूही झाला होता. "मूळ अर्जावर हेच उतरवा. आणि खाली आकृती काढा."

भाऊजींनी पट्टी घेतली. शाळेचं फाटक, औषधांचं दुकान, टपालपेटी, गटाराचं झाकण. सगळं नीटनेटकं, अगदी प्रेमानं काढलेलं. पण सगळं चौकोनाच्या उजव्या अर्ध्यात दाटीवाटीनं कोंबलेलं. डावा अर्धा कागद कोरा होता.

"आणि डावीकडे काय आहे, भाऊजी?"

"डावीकडे कुठं जागा आहे आता? भरलं की सगळं."

खुलाशाचं हसू तिथंच विरलं. त्यानं मान वर करून भाऊजींकडे बघितलं. उजवा गाल गुळगुळीत होता. डाव्या गालावर तीन-चार दिवसांचे पांढरे खुंट तसेच राहिले होते. तेवढ्यात ताईनं चहाचा कप त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला, क्षणभर थांबली, आणि मग तो उजवीकडे सरकवला.

भाऊ-बहीण बोळात आली.

"केव्हापासून, ताई?"

"मध्ये चक्कर आली होती ना, तेव्हापासून. तीन महिने झाले. म्हणतात मान आखडलीय."

"अगं, गाडीत मुलं असतात."

"मला सांगतोस? एकदा मी बोलले, तर ते दोन दिवस जेवले नाहीत. 'मला घरी बसवायचंय का' म्हणाले. माझं नाही ऐकणार ते. तुझ्या साहेबानं अडवलं तर ऐकतील. तेवढं बघ रे." ताईनं त्याचा दंड धरला आणि सोडेचना.

दुसऱ्या दिवशी त्यानं अर्ज स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेबांनी वाचला, आणि खुर्चीसकट मागे रेलून हसले.

"मंजूर! इतकं खोटं कुणाला सुचायचं नाही."

"साहेब, आकृती बघा. डावी बाजूच नाहीये. या माणसाला डावीकडचं दिसत नाही."

"लायसन्स चालू आहे?"

"आहे, पण..."

"मग झालं तर. आपण पत्र्याचा विमा उतरवतो खुलासे, डोळ्यांचा नाही. आणि हा आज जेवताना वाचा."

घसा बसलाय असं त्यानं सांगितलं, तेव्हा साहेबांनी स्वतः वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले. सवयीनं खुलासेही हसला, आणि मग घास त्याच्या तोंडात नुसताच घोळत राहिला.

संध्याकाळी तो लायसन्सच्या कचेरीत गेला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "तक्रार डॉक्टरांनी करायची, नाहीतर चालकानं. तुम्ही कोण?"

"मेहुणा."

"मग घरात बोला."

पुढल्या आठवड्यात शनिवारी भाऊजींनी त्याला गॅरेजवर बोलावलं. गाडी तयार होती. सोमवारपासून मुलं न्यायची होती. बसमध्ये त्यानं काय बोलायचं ते दहा वेळा घोकलं. गॅरेजच्या आवारात भाऊजी नव्या रंगावरून हात फिरवत होते. ते बघून त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. तो त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर पंजा धरला.

"भाऊजी, समोर बघा. किती बोटं आहेत?"

"कसली बोटं?"

"माझी."

"तू आहेस कुठं पण? काय पोरखेळ लावलाय!"

भाऊजी मेहुण्याला 'तू' कधी म्हणत नसत. खुलाशानं हात खाली घेतला नाही. शेवटी भाऊजींनी चिडून मान वळवली. पाचही बोटं पसरलेला पंजा नाकाशी होता.

"हा आत्ता आणलास."

"नाही. मघापासून इथंच आहे."

भाऊजींनी मान सरळ केली, पुन्हा वळवली. परत सरळ, परत वळवली. चार-पाच वेळा झाल्यावर ते थांबले आणि व्हॅनमध्ये चढून स्टिअरिंगपाशी बसले. मग त्यांनी शाळेत फोन लावला. पलीकडच्या बाईंचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"सोमवारपासून येताय ना, काका? मुलं विचारतायत."

"नाही. दुसरी गाडी बघा, बाई."

"का? अजून दुरुस्त नाही झाली?"

"झाली. झकास झाली."

"मग काय झालं? मला कारण लिहायला लागतं हो."

भाऊजींनी खुलाशाकडे बघितलं. एखादा शब्द तो देईल असं त्यांना वाटलं असावं. सत्तावीस वर्षं लोकांची कारणं वाचलेला माणूस गाडीच्या नव्या रंगाकडे बघू लागला. "लिहा काहीही," म्हणून भाऊजींनी फोन ठेवला.

"काका, काढा की गाडी!" गॅरेजवाला ओरडला. "मागं ट्रक उभा आहे."

भाऊजींनी किल्ली पुढे केली. "घे. तू ने."

"मला येत नाही, भाऊजी."

"काय येत नाही?"

"चालवायला. कधी शिकलोच नाही."

भाऊजी त्याच्याकडे बघतच राहिले. मग ते खाली उतरले, दार उघडं ठेवून एक हात स्टिअरिंगवर धरला आणि म्हणाले, "मागं जा. लाव जोर."

खुलाशानं मागून खांदा लावला. हळूहळू व्हॅन आवाराबाहेर सरकू लागली.

"अहो, बंद पडली का काय?" गॅरेजवाला हातातलं फडकं टाकून धावत आला. "आत्ता तर फिरवून बघितली मी! काय झालंय तिला?"

दोघांनी खाली माना घालून ढकलणं चालू ठेवलं.